शेपूट वर ती शेळी

रजब ३, सोमवार

सोकोतो शहरातल्या शिबिरात आम्हाला बजावलं होतं, बहिऱ्या मुलांना शिकवणाऱ्या बाईने रोज चार ओळी लिहायच्या. आज काय शिकवलं, मूल कुठे अडलं. शिबिराला वर्ष उलटून गेलं आणि वही कोरीच राहिली. आज उघडली ती शिकवण्यासाठी नाही. घरात भांडायला कोणी मोकळं नाही म्हणून.

तल्लेवन्सं आल्या आहेत. ह्यांच्या थोरल्या बहीण. नदीपलीकडच्या खेड्यात राहतात, आणि आल्या की सलाम संपायच्या आत रांजणाचं झाकण उचलून बघतात. "शेवाळ धरलंय गं बरीरा. मास्तरीण झालीस म्हणून रांजण काय शाळेचे मालम येऊन घासणार?" मग ओढणीच्या गाठीतून चघळायच्या कोलाच्या बिया काढून ह्यांच्यासमोर ठेवली. मी ओळखलं. वन्सं कोला देतात तेव्हा काहीतरी मागायचं असतं.

मागितली ती माझी थोरली.

"मुकी मला दे," म्हणाल्या. "बरीराला धाकटी दोन आहेत, शाळा आहे. मला कोण आहे? भिंती. भिंती बोलत नाहीत, ही पण बोलत नाही. जमेल आमचं."

हे कोला मोडत बसले. कांद्याच्या बाजारात दिवसभर ओरडणारा माणूस बहिणीपुढे भिजलेलं मांजर होतो. पहिलं मूल आईचं नसतंच, ते नात्यागोत्याचं, असं आमच्याकडे धरूनच चालतात, त्यामुळे नाही म्हणायला मला तोंड नाही. पण त्या खेड्यात शाळा नाही. तिथे ती जन्मभर बाजरी कांडेल आणि मुकीच राहील.

मी दाराआडून म्हटलं, "पोरगी वाचायला शिकतेय."

"ऐकू येत नाही ती वाचणार!" वन्सं हसल्या. "मग आता आंधळ्याला चंद्र दाखव."

शेवटी हे म्हणाले, "ताई, ईदपर्यंत दम धर. ईदेला माझ्यासमोर वाचून दाखवलं तर राहील. नाहीतर घेऊन जा."

थोरलीचं नाव मी घेत नाही. पहिल्या मुलाचं नाव आईने घ्यायचं नसतं. त्यात तिला नाव दिलंय ह्यांच्या आईचं, म्हणजे दारालाही कुलूप आणि खिडकीलाही. गाव तिला मुकी म्हणतं. मी वहीत थोरली म्हणेन.

रजब ६, गुरुवार

शाळेच्या मागच्या ओसरीत माझा वर्ग भरतो. वर्ग म्हणजे तीन मुलं: थोरली, आणि खाटकाचे जुळे हसन आणि उसैनी, दोघंही जन्माचे बहिरे. बिस्किटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून मी कार्डं केली आहेत. वर चित्र, खाली शब्द. मग तोच शब्द वेगळ्या पट्टीवर, ती पट्टी मुलाने बरोबर चित्राखाली ठेवायची. संध्याकाळी सगळी कार्डं घरी आणून माझ्या खोलीत भिंतीला लावते, म्हणजे थोरली येता-जाता बघते.

आज शेळी काढली. थोरलीने बघितलं, माझ्या हातातला कोळसा घेतला आणि शेळीची लोंबती शेपटी पुसून वर उभी केली. मग दोन बोटं शेपटीसारखी वर करून माझ्याकडे बघून खो-खो हसली, आवाजाविना. खरंच की. शेपूट वर ती शेळी, खाली ती मेंढी. मी आयुष्यभर शेळ्यांमध्ये राहून हे बघितलं नव्हतं.

घरी आल्यावर "आई"चं कार्ड केलं. आरशात बघून माझंच तोंड काढलं. डाव्या गालावरचा, बारशाच्या दिवशी पात्याने काढलेला कुळाचा व्रण, पुढच्या दातांतली फट, सगळं. थोरलीने कार्ड बघितलं, मग मला बघितलं, मग माझा गाल चाचपला. व्रणावरून बोट फिरवत राहिली. मग खालच्या शब्दावरून तेच बोट तसंच फिरवलं.

खोलीत कोणी नव्हतं म्हणून मी करू दिलं. इतक्यात वन्संची चप्पल वाजली आणि मी मान फिरवली. पहिल्या मुलाकडे आईने लोकांदेखत टक लावून बघणं बरं दिसत नाही.

रजब १०, सोमवार

वन्सं गेल्या. जाताना माझ्या खोलीत डोकावल्या.

"किती डोळे लावून ठेवलेस गं भिंतीवर! चित्रं असलेल्या घरात फरिश्ते पाऊल टाकत नाहीत, हे माझ्यासारख्या अडाणी बाईला ठाऊक. तू तर शिकलेली."

"मुलांना शिकवायला आहेत ती."

"असतील. पण पोरीसाठी दुआ मागतेस ती कुठल्या खोलीत? ह्याच ना? मग ती उंबऱ्याबाहेरच ताटकळत असेल."

हसत म्हणाल्या. त्या सगळंच हसत म्हणतात. पण माझ्या मनात काटा गेला तो गेला. थोरलीसाठी मला कार्डं हवीत. थोरलीसाठीच मला फरिश्तेही हवेत. आज नमाज पढताना चारही भिंतींवरून शेळ्या-कोंबड्या माझ्याकडे बघत होत्या, आणि कपाळ टेकून सजद्यात मला एकच विचार, आत कोणी आलंय का?

रजब १३, गुरुवार

मालम इलूंकडे, माझ्या जुन्या गुरुजींकडे गेले. वडिलांनाही त्यांनीच शिकवलं, मलाही. आता नजर गेली आहे, देवडीत चटईवर बसून हाताने चाचपून मुलांच्या पाट्या घासतात.

सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोणी हरकत घेतली का?"

"नाही."

"हेडमास्तरांनी?"

"नाही."

"मग विकतचं दुखणं कशाला घेतेस पोरी? पैगंबरांच्या पत्नी आयेशाबीबींच्या बाहुल्या होत्या. चिंध्यांचा एक घोडा होता, त्याला पंख. पैगंबरांनी विचारलं, घोड्याला पंख असतात होय? त्या म्हणाल्या, सुलेमान पैगंबरांच्या घोड्यांना होते ना! तर ते दाढा दिसेपर्यंत हसले. मुलांसाठी एवढी फट ठेवलेली आहे. जा, शिकव."

मला बरं वाटलं, पण पुरतं नाही. मी म्हटलं, बाहुल्या कापडाच्या, माझी चित्रं शाईची. बाहुल्या खेळायला, माझी भिंतीवर. बाहुली जमिनीवर लोळते, माझी कार्डं मानाने वर बसतात. ह्याचं काय?

मालमांनी हातातली पाटी घासून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मुसा पैगंबराच्या लोकांना हुकूम झाला, एक गाय कापा. कुठलीही कापली असती तरी भागलं असतं. पण ते विचारत बसले. वय काय? रंग कोणता? नांगराला जुंपलेली चालेल का? जितकं विचारलं तितकं बारीक होत गेलं. शेवटी अख्ख्या मुलखात तशी एकच गाय उरली. नाकी नऊ आले तेव्हा मिळाली."

मी विचारलं, "म्हणजे गाईचं चित्र चालेल?"

ते खोकला येईपर्यंत हसले. मग हसू गेलं. "बरीरा, तू माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी होतीस. एवढंच टोचत असेल तर तोंडं पूस. तोंड नसलं की झाडासारखंच. आणि पुन्हा कोणाला विचारू नकोस."

निघताना अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. नेमकं उत्तर मिळालं की माझं असंच होतं. गाईची गोष्ट मात्र कशासाठी सांगितली कोण जाणे. म्हातारपण, दुसरं काय.

रजब १४, शुक्रवार

तोंडं पुसली. कोळशाची ओल्या फडक्याने गेली, शाईची पात्याने खरवडावी लागली. शेळी, कोंबडी, मासा, मांजर, आजी. थोरली दारात उभी राहून बघत होती. पहिल्यांदा तिला गंमत वाटली, कोंबडीचं डोकं गेलं तेव्हा हसली. "आई"चं कार्ड घेतलं तेव्हा तिने माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. मी तिला खुणेने सांगितलं, वर बोट करून, की अल्लाहसाठी. आणि खरवडलं. गालावरचा व्रण खोल काढला होता, तो सगळ्यात उशिरा गेला.

संध्याकाळी ती बाजरीची पेज प्यायला आली नाही. पोट बिघडलं असेल, हरमत्तान वाऱ्याची धूळ अजून पडतेच आहे.

रजब २०, गुरुवार

शेळी जमते, शेपटीमुळे. मासाही. माणसं मात्र सगळी सारखीच झाली. आई, आजी, आत्या, सगळ्या बिनतोंडाच्या लुगडं गुंडाळलेल्या बाहुल्या. व्रण पुन्हा काढावा तर तो तोंडावरच. "आई"चं कार्ड समोर धरलं की थोरली ते उलटं करून ठेवते. आज तर ओसरीखाली भिरकावलं. हट्टी झाली आहे.

एक गोष्ट मात्र चांगली घडते आहे. मी समोर आले की ती डोक्यावरचं फडकं पुढे ओढून तोंड झाकते. घरी, शाळेत, कुठेही. नववं सरत आलं, अंगात लाज यायला लागली. वन्सं म्हणायच्या मास्तरणीला पोरीला वळण लावायला सवड नाही. बघा म्हणावं, आपसूक आलं.

शाबान ५, शुक्रवार

मालम इलूंनी विचारू नकोस म्हटलं होतं. पण तोंड पुसलं तरी मान आहे, धड आहे, चार पाय आहेत. धडावरून जीव आहे असं दिसत नाही का? पोट दिसलं म्हणजे श्वास आला. हे एकदा डोक्यात शिरल्यावर मला झोप लागेना. ईदेला थोरली वाचेल न वाचेल, ते अल्लाहच्या हाती. मग त्याच्या बाजूने एकही भोक राहता कामा नये.

शुक्रवारी दुपारच्या नमाजेनंतर शाळेत बायकांची सभा असते. प्रश्न चिठ्ठीवर लिहून टोपलीत टाकायचे, हेडमास्तर मालम हाशीम पडद्यापलीकडून वाचून उत्तर देतात. मी चिठ्ठी टाकली, नाव न घालता. "शाळेतल्या मुलांसाठी जिवंत प्राण्यांची चित्रं काढली, तोंडं पुसली, धड ठेवलं, तर ते पुरतं का?"

मालम हाशीम तरुण आहेत, मदिनेत शिकून आलेत, विचारलेल्याचं उत्तर टाळत नाहीत. चिठ्ठी मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "ह्यात मतं अनेक आहेत. लहान मुलांपुरती सूट देणारेही थोर लोक आहेत. पण विचारणारीच्या मनात शंका आहे. शंकेचं सोडावं, बिनशंकेचं धरावं. झाडं काढा, घरं काढा, चंद्र काढा."

माझ्या शेजारची कोणाला तरी म्हणाली, "आपल्या शाळेत कोण काढतं गं चित्रं?" सगळ्या माना ओसरीकडे वळल्या.

शाबान ६, शनिवार

मालम हाशीम स्वतः मागच्या ओसरीवर आले. रागाने नाही. खाली बसले, एकेक कार्ड हातात घेऊन बघितलं. शेळीशी थांबले. "शेपूट छान वर आहे," म्हणाले. थोरलीने फडक्यातून त्यांच्याकडे बघितलं.

मग मला म्हणाले, "मालमा, मागच्या ओसरीत काय चालतं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुम्ही विचारलं नसतं तर मला दिसलंच नसतं. आता अख्ख्या सभेने ऐकलंय. मी मोठ्या उलेमांना लिहून पाठवतो. उत्तर येईपर्यंत ही माझ्याकडे राहतील."

"उत्तर ईदेआधी येईल?"

"ते कोण सांगणार? तोवर खऱ्या वस्तू आणा. खरा कांदा, खरं मडकं, खरी शेळी. खऱ्यावर कोणाची हरकत नाही."

"आणि सिंह?"

"आपल्या गावात सिंहावाचून कोणाचं अडलंय?" म्हणाले, आणि कार्डं झग्याच्या ओच्यात घालून नेली. मी जिंकले असं वाटायला हवं होतं. खोलीच्या भिंती आता स्वच्छ आहेत. नमाज पढले, आणि मनात आलं की आता इथे कोणीच नाही.

शाबान १६, मंगळवार

खरी शेळी आणली. तिने "शेळी"ची पट्टी खाल्ली. मग "मडकं" खाल्लं, "झाडू" खाल्ला, आणि "कांदा" अर्धा चघळून टाकून दिला. जुळे ओसरीवर लोळून हसत होते. थोरलीसुद्धा फडक्याआड हसत असावी, खांदे हलत होते.

दुपारी खाटीक आला. "मालमा, शेळी दाखवायला पोरं इथे कशाला? माझ्या दुकानात रोज दिसते, आतून-बाहेरून." जुळ्यांना घेऊन गेला. आता वर्गात थोरली एकटी.

शाबान २३, मंगळवार

वाटेत मालम इलू भेटले. माझा आवाज ओळखून म्हणाले, "गाय कुठवर आली गं?" मी म्हटलं, "गाय नाही मालम, शेळी आणली होती. परत दिली." ह्या वेळी ते हसले नाहीत.

रमजान ४, शुक्रवार

रोजे सुरू झाले आणि वन्सं आल्या, ईदेनंतरच जायचं म्हणून. रांजण घासून ठेवला होता, तर म्हणाल्या, "पाणी कोमट आहे."

नव्या पट्ट्या केल्या, शेळीला न आवडणाऱ्या जाड पुठ्ठ्याच्या. वस्तूंचे शब्द थोरली पटापट शिकते आहे. मडक्याची पट्टी मडक्यावर, कांद्याची कांद्यावर. अडतंय ते "आई"शी. खरी वस्तू हवी, म्हणजे मीच हवी. पट्टी माझ्या हनुवटीखाली धरून, ओसरीवर सगळ्या शाळेदेखत थोरलीच्या डोळ्यात बघत उभं राहायचं, की ही बघ, मी तुझी आई. कसं करू? पलीकडे मुली पाठ म्हणतात, मास्तरणी येतात-जातात. माझी आई मला असं कधी म्हणाली नाही. तिची आई तिला नाही. विचारानेच कान तापले.

वन्सं डबा घेऊन धाकट्यांना सोडायला शाळेत आल्या होत्या. मी म्हटलं, "वन्सं, घटकाभर आई होता का?"

"मी आणि आई!" आधी थट्टा वाटली त्यांना. मग पट्टी घेतली, गुडघ्यावर बसल्या, थोरलीच्या तोंडावरचं फडकं सरळ मागे सारलं, हनुवटी धरली आणि तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "आई! आ-ई! बघ माझ्या ओठांकडे, लबाडे!" आत्याला कसली लाज. थोरलीने त्यांच्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघत राहिली.

शब्द झाला. अडचण सुटली.

रमजान १२, शनिवार

वाचते! मडकं, झाडू, कांदा, चटई, कोंबडी, शेळी. "शेळी"ची पट्टी दाखवली की पळत शेळीकडे जाते आणि दोन बोटं वर करते. "आई" दाखवली की वन्संकडे. वन्सं रोज ओसरीवर येतात आता, कोणी न बोलावता. तिच्या वेण्या घालतात, तोंडाने बडबडतात, डोळे वटारतात, जीभ काढून दाखवतात. थोरली फडकं मागे टाकून बसते त्यांच्यापाशी. मी जवळ गेले की फडकं पुढे.

हेवा वाटतो. लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. ज्या बाईकडून तिला वाचवायचं तिचाच.

रमजान २०, रविवार

खोलीचं दार लावून घेतलं. कोणी नव्हतं. "आई"ची पट्टी माझ्या हनुवटीखाली धरली आणि थोरलीसमोर बसले. तिचं फडकं मागे सारलं. तिने डोळे मिटून घेतले. मी पापणीला बोट लावलं तर अजून घट्ट मिटले. हिला माझी इतकी लाज का, कळत नाही. लाज चांगली, पण आईशी खोलीतही?

ईद जवळ आली. वाचता येतंय, तेवढं पुरे.

शव्वाल १, गुरुवार, ईद

मैदानावरची नमाज झाली. अंगणात दीर, जावा, शेजारपाजार, सगळे नव्या कपड्यांत. हे कांदेवाल्या दोस्तांनाही घेऊन आले होते. बहिरी वाचते म्हणे, बघू तरी.

ह्यांनी पट्ट्या हातात घेतल्या. एकेक वर धरायला लागले. थोरलीने मडकं दाखवलं. झाडू उचलून आणला. कांदा आणून बापाच्या हातावर ठेवला तेव्हा दोस्तांनी टाळ्या पिटल्या. शेळीपाशी पळाली, दोन बोटं वर. "अरे वा!" कोणीतरी ओरडलं. ह्यांच्या डोळ्यात पाणी आलं, मी बघितलं. मी चुलीजवळच्या खांबाला धरून उभी होते. जिंकलो असं वाटलं.

मग ह्यांनी "आई" वर धरली.

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. मी मान खाली घातली. दुसरं काय करणार? थोरली पट्टी घेऊन आली. तिचे पाय मला दिसले, मेंदीचे. ते माझ्यासमोरून पुढे गेले.

मान वर केली तेव्हा पट्टी वन्संच्या मांडीवर होती आणि थोरली वर तोंड करून त्यांच्याकडे बघत होती, शाबासकीसाठी.

कोणी हसलं नाही. वन्संनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं पट्टी कोणी त्यांच्या हातात दिली ते. मलाही ठाऊक होतं. एवढंच म्हणायचं होतं की तिने बरोबर वाचलंय, चूक शिकवणारीची आहे. आणि त्यासाठी ह्या सगळ्यांदेखत म्हणावं लागलं असतं, की हिची आई मी. तोंड उघडलं नाही. वन्संनीही नाही. त्यांनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून रडल्या.

हे हळू म्हणाले, "वाचता येतं तिला. पोरीने स्वतःच सांगितलं, आई कोण ते."

शव्वाल ४, रविवार

आज गेली. मोटारतळावर आईने जायचं नसतं, तरी गेले. लॉरीच्या मागच्या फळीवर वन्संना टेकून बसली होती. गाठोड्यात मी जाड पुठ्ठ्याच्या सगळ्या पट्ट्या बांधून दिल्या. वन्सं म्हणाल्या, "मला कुठे वाचता येतंय गं?" पण ठेवून घेतल्या.

लॉरी हलली तेव्हा मी हाक मारली. नावाने. "बल्किसू!" ह्यांच्या आईचं नाव, माझ्या पहिल्या मुलीचं नाव, भर बाजारात. पुन्हा मारली, अजून मोठ्याने. हमाल थांबले. कोलावाल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नागडी उभी आहे. सगळ्यांनी वळून बघितलं, तिने तेवढं नाही. नऊ वर्षं माहीत आहे मला की तिला ऐकू येत नाही.

शव्वाल १२, सोमवार

मालम हाशीम ओसरीवर आले. कार्डांचा गठ्ठा परत घेऊन. उलेमांचं उत्तर आलंय म्हणाले, बरंच लांबलचक आहे, पण सार असं की लहान मुलांना शिकवण्यापुरती मुभा आहे. तोंडासकट. शिकवणाऱ्या बाईचा हेतू चांगला आहे, तिने पूर्वीसारखंच चालू ठेवावं.

"अभिनंदन, मालमा," म्हणाले, आणि रिकाम्या ओसरीकडे बघून गठ्ठा खाली ठेवला.

मी पुठ्ठा घेतला, कोळसा घेतला. मनात आलं, आता परवानगी आहे तर तिचंच काढावं, भिंतीला लावावं. फडकं काढलं. वेण्या काढल्या, वन्सं घालायच्या तशा. खांदे काढले. मग तोंडाशी आले आणि हात थांबला. तिचं नाक बापासारखं की माझ्यासारखं? भुवया जुळलेल्या की सुट्या? हनुवटीजवळ एक तीळ आहे, वन्सं त्यावर बोट ठेवून तिला चिडवायच्या. तो डावीकडे की उजवीकडे? मी आठवत बसले. मला आठवतो तो ओढलेल्या फडक्याचा काठ, आणि त्याच्या आधी, लोकांदेखत मी फिरवलेली माझी मान.

धाकट्यांना विचारावं म्हटलं, पण ते खेळायला गेले होते. कोळसा हातात चुरून सगळी बोटं काळी झाली. तोंडाची जागा कोरीच ठेवली आणि पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला.